जेटफायर ओढत का नव्हती? ओल्ड्समोबीलच्या १९६२ च्या टर्बो गाडीचं प्रकरण

गाडी ओढत नाही, एवढीच तक्रार. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, आयडलिंग शांत आहे, धूर नाही, नॉकिंग म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची खडखड नाही. शहरात चालवताना काहीच वावगं जाणवत नाही. पण हायवेवर ओव्हरटेक करायला पाय तळापर्यंत दाबला की पाठीला बसायला हवा तो धक्का बसत नाही. गाडी एखाद्या साध्या व्ही-८ सारखी, खरं तर तिच्याहूनही मरगळून, वेग घेते. गॅरेजवाले प्लग बदलतात, पॉइंट घासतात, कार्बोरेटर उघडून जेट फुंकतात. सगळं ठीक निघतं. गाडी घरी जाते आणि आठवड्याभरात तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी राहते.

गाडी ओल्ड्समोबील एफ-८५ जेटफायर असेल, तर पाना नंतर उचलावा. आधी बॉनेट उघडून टर्बोच्या द्रवाच्या टाकीचं झाकण काढावं आणि आत बघावं. टाकी कोरडी असेल, तर इंजिनात बिघाड काहीच नाही. इंजिनानं स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचाच लगाम खेचून धरला आहे. हे मालकाला माहीत नव्हतं आणि बऱ्याच गॅरेजवाल्यांनाही उमगत नव्हतं. जेटफायरचं सगळं प्रकरण इथून सुरू होतं.

पाच पीएसआयचा हिशोब

जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी १९६२ साली काही आठवड्यांच्या अंतरानं टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावलेली प्रवासी मोटार विक्रीला आणली. शेवरोलेनं कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर आणली, ओल्ड्समोबीलनं जेटफायर. त्याआधी टर्बो असायचा तो ट्रकमध्ये, विमानात किंवा शर्यतीच्या गाडीत.

जेटफायरचं इंजिन अख्ख्या अॅल्युमिनियमचं, २१५ घनइंचांचं म्हणजे साडेतीन लिटरचं व्ही-८. हेच इंजिन साध्या एफ-८५ मध्येही मिळत होतं. दोन बॅरलच्या, म्हणजे हवेच्या दोन तोंडांच्या, कार्बोरेटरवर ते १५५ हॉर्सपॉवर द्यायचं आणि चार बॅरलवर १८५. जेटफायरमध्ये गॅरेट एअरिसर्चचा टर्बो बसवून ताकद २१५ वर नेली. एका घनइंचाला एक हॉर्सपॉवर, हा जाहिरातीला सोयीचा आकडा आपसूक जमला. हे सगळे आकडे त्या काळच्या अमेरिकी ‘ग्रॉस’ पद्धतीचे आहेत, म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर ठेवून, गाडीचा सायलेन्सर आणि बाकी सरंजाम न लावता मोजलेले. आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करू नये.

गाडीची खरी गंमत टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत आहे. चार बॅरलचं इंजिन ३२०० आरपीएमला २३० फूट-पौंड देत होतं. टर्बोचं इंजिन त्याच ३२०० ला ३०० फूट-पौंड, म्हणजे साधारण ४०७ न्यूटन-मीटर. ही वाढ ३० टक्क्यांची. ताकद मात्र १८५ वरून २१५, म्हणजे फक्त १६ टक्के. दोन आकड्यांतली ही दरी कुठून आली?

उत्तर त्याच आकड्यांत आहे. २१५ हॉर्सपॉवर मिळतात ४६०० आरपीएमला, म्हणजे तिथला टॉर्क सुमारे २४५ फूट-पौंड. १८५ चं इंजिन ४८०० ला २०२ देतं. खाली ७० फूट-पौंडांचा फायदा होता, तो वर जाईपर्यंत ४३ वर आला. याचं कारण हवेच्या वाटेत बसलं होतं. टर्बोच्या आधी एकच बॅरल असलेला आडवा रोचेस्टर कार्बोरेटर होता आणि सगळी हवा त्याच्या एका तोंडातून यायची. वरच्या आरपीएमला ते तोंड अपुरं पडतं. शिवाय टर्बो लहान ठेवलेला, म्हणजे खालूनच लवकर फिरायला लागावा. हे सगळं जाणूनबुजून केलेलं होतं. शर्यतीची गाडी कुणालाच बनवायची नव्हती. दोन हजार आरपीएमवरून पाय दाबला की लगेच सुटणारी, एरवी नेमस्तपणे चालणारी गाडी हवी होती. त्या हिशोबानं ती अचूक होती. जुन्या चाचण्यांत ० ते ६० मैलांचा वेग साडेआठ ते दहा सेकंदांत नोंदला गेला, गिअरबॉक्स कोणता यावर बराच फरक पडायचा. टॉप स्पीड ताशी १०७ मैलांच्या आसपास.

टर्बोचा दाब ५ पीएसआयवर (चौरस इंचाला ५ पौंड) बांधलेला होता. त्याच्यापुढे दाब गेला की वेस्टगेट उघडायचं आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून बाहेर जायचा. विक्रीच्या मोटारीत वेस्टगेट असणं हीच त्या काळी नवलाई होती. आता हवेचा दाब १४.७ पीएसआय धरा. त्यावर ५ चढले की इंजिनाला एकाऐवजी १.३४ पट दाबाची हवा मिळते. टॉर्क ३० टक्क्यांनी वाढला तो इथून.

मग टाकी कशाला?

टर्बो लावायचा तर इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण कितीपट दाबलं जातं ते प्रमाण, उतरवायचा, हा सोपा मार्ग. शेवरोलेनं कॉर्व्हेअरमध्ये तेच केलं, ८ : १ ठेवला. ओल्ड्समोबीलनं मात्र चार बॅरलच्या इंजिनाचाच १०.२५ : १ तसाच राहू दिला.

कारण पटण्यासारखं होतं. टर्बो फिरत नसतो तेव्हा, म्हणजे रोजच्या चालवण्याचा बहुतेक वेळ, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन मंद लागतं आणि पेट्रोलही जास्त पितं. १०.२५ वर गाडी बिनटर्बोची असतानाही चपळ राहते. पण ५ पीएसआय चढल्यावर ढोबळ हिशोबानं रेशो १०.२५ गुणिले १.३४, म्हणजे पावणेचौदाच्या घरात जातो. शिवाय हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा ५ पीएसआयला दाबली, तर त्या काळच्या कॉम्प्रेसरमधून ती ७० अंशांच्या आसपास निघाली असती. पेट्रोल आत उडून थोडं थंड करतं, पण पुरेसं नाही. त्या वेळचं प्रीमियम पेट्रोल १०० रिसर्च ऑक्टेनच्या (नॉकिंग सोसण्याचं माप) आसपासचं होतं, तरी एवढ्या दाबाला ते ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःच पेटलं असतं. नॉकिंग झालं की आधी पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते, मग पिस्टनला भोक पडतं.

म्हणून टर्बो-रॉकेट फ्लुइड. भारी नावाचा हा द्रव म्हणजे निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं मेथॅनॉल आणि गंज रोखणारं थोडं रसायन. एक किलो पाणी वाफ होताना सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता शोषतं, मेथॅनॉल ११०० च्या आसपास, पेट्रोल साधारण साडेतीनशे. दोन्ही समभाग मिसळले तर हा द्रव किलोमागे पेट्रोलच्या जवळजवळ पाचपट उष्णता ओढून घेतो. मेथॅनॉल स्वतः जळतं आणि त्याचा ऑक्टेनही मोठा. पाणी गोठू नये ही अमेरिकी हिवाळ्यातली गरजही त्यानं भागते.

द्रवाची टाकी पाच क्वार्टची, म्हणजे पावणेपाच लिटरची. तिला पंप नाही. टर्बोच्या दाबाचाच एक फाटा टाकीत जातो आणि द्रवाला पुढे ढकलतो. साधारण एक पीएसआय दाब चढला की द्रव सुटायला लागतो, मीटरिंग युनिटमधून कार्बोरेटरजवळ पोहोचतो आणि पेट्रोल-हवेबरोबर कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. हुशार रचना आहे. दाब नसेल तर द्रव खर्च होत नाही, दाब वाढला की आपोआप जास्त जातो.

टाकी किती पुरावी? अशा पद्धतीत द्रव पेट्रोलच्या वजनाच्या १५ टक्के धरला, तर पूर्ण ताकदीवर तासाला सातेक किलो लागतो. म्हणजे भरलेली टाकी सलग पूर्ण थ्रॉटलवर ३५ मिनिटं. हा अंदाज आहे, कंपनीचा आकडा नव्हे. दहा-दहा सेकंदांच्या झेपा घेतल्या तर दोनशेच्या वर होतात. निवांत चालवणाऱ्याला टाकी महिनोन्‌महिने पुरायची, तरुण पाय असेल तर काही आठवड्यांत संपायची. आणि नेमकं हेच घातक ठरलं. पेट्रोल दर आठवड्याला भरायची सवय असते. जी गोष्ट कधी दोन आठवडे तर कधी चार महिने पुरते, तिची सवय लागत नाही. दोन आसनांमधल्या कन्सोलवर टर्बोचा काटा होता, द्रवाची सूचना देणारा दिवाही होता. पण गाडी चालत राहते तोवर दिव्याकडे बघतं कोण?

द्रव संपला की काय करायचं, याचीही सोय इंजिनिअरांनी केली होती. मीटरिंग युनिटमध्ये दुहेरी फ्लोट. द्रव नसेल तर फ्लोट खाली बसतो, आणि कार्बोरेटर व टर्बो यांच्यामध्ये असलेली दुसरी थ्रॉटल झडप डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) जोरावर अर्धवट मिटते. हवाच तोकडी केली की दाब चढत नाही, दाब नाही तर नॉकिंग नाही. अॅल्युमिनियमचं इंजिन वाचतं. तक्रार मात्र ‘गाडी ओढत नाही’ अशी येते.

कॉर्व्हेअरचं काय झालं

शेजारच्या विभागानं टाकी, फ्लोट, दुसरी झडप यांतलं काहीच घेतलं नाही. कॉर्व्हेअर स्पायडरचं एअर-कूल्ड सहा सिलिंडरचं १४५ घनइंचांचं इंजिन टर्बोवर १५० हॉर्सपॉवर देत होतं. वेस्टगेटसुद्धा नाही. सायलेन्सरचा अडथळा आणि लहान कार्बोरेटर यांच्यावरच दाब आवरला जायचा, आणि दाब चढला की डिस्ट्रिब्युटर ठिणगी मागे सरकवायचा. खालच्या आरपीएमला ती गाडी थंड, मग अचानक पेटणारी. जेटफायरच्या सफाईपुढे हे गावठी काम वाटतं. पण मालकानं त्यात पेट्रोल आणि ऑइल सोडून काही ओतायचं नव्हतं. कॉर्व्हेअरचा टर्बो १९६५ मध्ये १८० हॉर्सपॉवरवर गेला आणि १९६६ पर्यंत विकला गेला. जेटफायर १९६३ नंतर बंद. दोन वर्षांत ३७६५ आणि ५८४२, एकूण ९६०७ गाड्या.

१९६५ मध्ये कंपनीनं मालकांना टर्बो काढून साधा चार बॅरलचा कार्बोरेटर आणि नेहमीचा एक्झॉस्ट बसवून देण्याची सोय केली. बऱ्याच जणांनी ती घेतली. म्हणून आज जेटफायरची बॉडी आणि कन्सोल मिळतं, पण टर्बोचा संच मिळणं कठीण.

आजची जेटफायर कशी तपासावी

टर्बोसकट वाचलेली गाडी हाती आली आणि तक्रार तीच असेल, तर क्रम महत्त्वाचा. टर्बो उघडणं हे सगळ्यात शेवटचं काम. तो बिघडलेला असण्यापेक्षा त्याला काम करू न देणारं दुसरंच काही असण्याची शक्यता जास्त.

टाकी रिकामी असेल तर भरा, पण तडक गाडी हाकू नका. कित्येक वर्षं कोरड्या राहिलेल्या टाकीच्या तळाशी पांढरट-करडी पूड साठलेली असते, तो अॅल्युमिनियमचा गंज. ती पूड मीटरिंग युनिटच्या बारीक भोकांत गेली की पुन्हा सगळं उघडावं लागतं. टाकी काढून धुवा, नळ्या वेगळ्या फुंका, मग भरा. मिश्रण घरी करायचं तर डिस्टिल्ड वॉटर आणि शुद्ध मेथॅनॉल समभाग, आकारमानानं, आणि अॅल्युमिनियमला चालणारं गंजरोधक. काच धुण्याचं पाणी ओतू नका, त्यातला साबण आणि रंग भोकांत बसतो. नळाचं पाणी तर नकोच. मेथॅनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. हातमोजे घाला, उघड्यावर मिसळा, गरम एक्झॉस्टजवळ कॅन ठेवू नका.

मग टाकी दाब धरते का ते बघा. झाकणाच्या आतल्या रबरी वॉशरवर बोट फिरवा. साठ वर्षांचं रबर खडूसारखं कडक होतं, कडेला बारीक तडे असतात आणि नखानं दाबलं तर खूण उमटत नाही. असं झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं पण हवा सोडतं. हवेच्या नळीच्या जागी हातपंप आणि लहान गेज लावून ५ पीएसआय भरा आणि दोन मिनिटं बघा. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा: झाकण, जोड, चेक व्हॉल्व्ह. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावायचा मोह टाळा, १०० पीएसआयचा एक झटका टाकीची शिवण आणि डायफ्रॅम दोन्ही फाडतो. ही एक गळती अख्ख्या गाडीला मरगळ आणते. टाकी भरलेली असते, पण दाब नसल्यानं द्रव पुढे जात नाही, फ्लोटला तो संपल्यासारखाच वाटतो आणि झडप मिटलेलीच राहते.

डायफ्रॅमचा नंबर यानंतर. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि १९६२ च्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. बदलताना इथेनॉल आणि मेथॅनॉल दोन्ही सोसणारं रबर घ्या.

वेस्टगेट हातानं हललं पाहिजे. काजळी आणि गंजानं ते उघडं अडकलं तर दाब चढणारच नाही. मिटलेलं अडकलं तर दाब ५ च्या वर जाईल, आणि १०.२५ च्या इंजिनात ते महाग पडतं. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग हलक्या हातानं हलवा. हातोडी लावलीत तर शाफ्ट वाकेल. एक्झॉस्टच्या टर्बोपर्यंतच्या सांध्यांवर काळे ओघळ आहेत का तेही याच वेळी बघा, कारण तिथून सुटलेला गॅस टर्बाइनला मिळत नाही.

टर्बो स्वतः खराब असल्याची खूण वेगळी असते: बराच वेळ आयडलिंगला उभी राहिलेली गाडी निघताना निळ्या धुराचा लोट सोडते. कार्बोरेटर टर्बोच्या आधी असल्यानं आयडलिंगला कॉम्प्रेसरमध्ये व्हॅक्यूम असतो आणि तो शाफ्टच्या कार्बन सीलमधून ऑइल ओढतो. सील झिजलं की ऑइल मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) साचतं आणि पाय दाबताच एकदम जळतं. आजच्या टर्बोचं साधं रिंगचं सील इथे चालत नाही, कार्बनचंच हवं. बेअरिंगला थंडावा फक्त इंजिन ऑइलचा, म्हणून जोरात चालवून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. दोन मिनिटं आयडलिंगला राहू द्या, नाहीतर ऑइल बेअरिंगवरच जळून कोळसा होतं.

सगळं जोडल्यावर चाचणी. कन्सोलच्या काट्यावर विसंबू नका, तो दाबाचा माग दाखवतो, माप नाही. मॅनिफोल्डला टी-जोड लावून नवा गेज आत आणा. इंजिन नीट तापवा, मॅन्युअल गाडी असेल तर तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल. काटा ५ च्या जवळ जाऊन थांबला पाहिजे. कान नॉकिंगवर ठेवा, कारण आजचं चांगलं पेट्रोलही त्या काळच्या प्रीमियमहून ऑक्टेनला थोडं कमीच असतं. खडखड ऐकू आली की तत्क्षणी पाय काढा. द्रव खरंच जातोय का हे ताडायला टाकी निघण्याआधी काठोकाठ भरा, दहा-बारा झेपा घ्या आणि परतल्यावर मापाच्या भांड्यानं पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं मावलं तेवढा खर्च. काहीच मावलं नाही आणि काटा ५ दाखवत होता, तर इंजिन द्रवाशिवाय दाब सोसतंय. गाडी तिथेच थांबवा.

शेवटची चाचणी बहुतेक जण गाळतात. टाकी मुद्दाम रिकामी करा आणि पाय हळूहळू वाढवत गेजकडे बघा. झडप आपलं काम करत असेल तर गाडी मरगळते, काटा जेमतेम हलतो. हीच धडधाकट जेटफायर. रिकाम्या टाकीवरही ती जोमानं ओढत असेल आणि काटा दोन पीएसआयपुढे सरकू लागला, तर आधीच्या कुणीतरी दुसरी झडप तारेनं उघडी बांधली आहे किंवा काढूनच टाकली आहे. गाडी त्यानं ‘दुरुस्त’ केली असेल. झडप परत बसेपर्यंत तिला रस्त्यावर काढू नका.